गाण्याची पट्टी मुलांच्या गळ्याकडे बघून ठरवा
मोठे आणि मुलं एकत्र गातात तेव्हा मोठ्यांच्या आवाजात मुलं झाकोळतात, म्हणून मुलांना जास्त माइक द्या, ही सूचना मला अर्धीच पटली. आमच्या गायनसमूहाने शाळांच्या मुलांबरोबर कार्यक्रम केला तेव्हा खरी अडचण पट्टीची, म्हणजे गाणं किती उंच किंवा खालच्या सुरात धरायचं याची निघाली. आमच्या सोयीच्या पट्टीत मुलं खालचे सूर नुसते पुटपुटत होती. तिथे माइक तरी काय उचलणार? पट्टी तीन अर्धस्वर, म्हणजे पेटीवर काळी-पांढरी धरून तीन घरं, वर नेल्याबरोबर त्यांचे गळे मोकळे झाले. आमच्यातल्या काही पुरुषांना वरचे सूर जड गेले, त्यांनी तेवढ्या ओळी सोडल्या.

आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलग्यांना जपा. आवाज फुटत असताना वरचे सूर ताणायला लावू नका, मधल्या सुरांतली सोपी ओळ द्या. आम्ही एकाला गायला न देता नुसतं उभं केलं होतं, त्याचा चेहरा अजून आठवतो.