रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींसाठी ब्रेक पॅड कोणते घ्यावेत?

घाटमाथा (सातारा)

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे दुसऱ्या मालकाच्या नात्याने घेतलेली पोर्श ७१८ केमन आहे आणि तिचे ब्रेक पॅड आता बदलायला आले आहेत. गाडी बहुतेक वेळ साताऱ्याच्या परिसरातच फिरते. सुट्टीच्या दिवशी पहाटे यवतेश्वर घाटाने कासपर्यंत, कधी वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला, आणि कामानिमित्त महामार्गाने पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणे होते. यंदापासून मात्र वर्षातून दोन-तीन वेळा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर जाण्याचा विचार आहे. तो ट्रॅक आपल्याच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर असल्यामुळे गाडी चालवतच न्यायची, तिथे दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि चालवतच परत आणायची, असे ठरवले आहे.

अडचण अशी की, मूळ कंपनीचे पॅड ट्रॅकवर टिकणार नाहीत असे काही जण सांगतात, तर एका दुकानदाराने 'तुमच्याकडे घाट आहेत, तेव्हा थेट शर्यतीचेच पॅड टाका, म्हणजे दोन्ही कामे होतील' असा सल्ला दिला. घाटात ब्रेक तापतात हे खरे आहे. परंतु ते ट्रॅकइतके तापतात का? दोन्ही ठिकाणी चालेल असा एकच पॅड असतो का, की दोन संच बाळगावे लागतील? पॅड फक्त पुढच्या चाकांचे बदलले तर चालेल का? ब्रेकचा थोडाफार आवाज मी सहन करेन, पण सुरक्षिततेत तडजोड नको.

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

तुमच्या प्रश्नातील घाटाचा मुद्दा आधी हिशेब मांडून पाहू, कारण त्या दुकानदाराच्या सल्ल्याचा सारा पाया तोच आहे.

ब्रेकचे काम म्हणजे गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलणे, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चालकासह गाडीचे वजन १,४५० किलो धरले, तर ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबताना सुमारे ०.३६ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. ट्रॅकवर सरळ रस्त्याच्या शेवटी १८० वरून ८० पर्यंत वेग उतरवताना मात्र ती सुमारे १.४५ मेगाज्यूल, म्हणजे चौपट होते, आणि गाडी तर अजून थांबलेलीही नसते. यातला सुमारे ६५ टक्के भार पुढच्या चाकांवर आला आणि पुढच्या दोन्ही डिस्कचे (पॅड ज्यांवर दाबले जातात त्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्यांचे) मिळून वजन १८ किलोच्या आसपास धरले, तर अशा एकाच ब्रेकिंगमध्ये त्या डिस्क शंभर अंशांहून अधिक तापतात. पुढचे वळण येईपर्यंत त्या पुरत्या निवत नाहीत, तोवर पुन्हा तेच घडते. त्यामुळे पाच-सहा फेऱ्यांत डिस्कचे तापमान चारशे ते सहाशे अंशांच्या घरात जाऊन स्थिरावते.

आता कासहून साताऱ्याला उतरण्याचा हिशेब पाहा. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर आहे आणि शहर त्याहून साडेचारशे-पाचशे मीटर खाली आहे. तेवढ्या उतारावर तुमच्या गाडीची स्थितिज ऊर्जा साधारण साडेसहा ते सात मेगाज्यूलने कमी होते. म्हणजे अख्खा उतार हा ट्रॅकवरच्या चार-पाच जोरदार ब्रेकिंगइतका आहे, आणि तोही पंचवीस किलोमीटरच्या अंतरावर व पाऊण तासावर पसरलेला. त्यातलाही मोठा वाटा टायरचे घर्षण, हवेचा रोध आणि खालच्या गिअरमधले इंजिन खाऊन टाकते. पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांच्या चाकांतून जो जळका वास येतो, त्याचे कारण उतारावर वरचा गिअर ठेवून पाय सतत ब्रेकवर ठेवणे हे असते. तिथे चालवण्याची पद्धत बदलायला हवी. पॅड बदलून तो प्रश्न सुटत नाही.

घाटासाठी शर्यतीचे पॅड हा सल्ला उलट धोक्याचा आहे. रस्त्यासाठीच्या पॅडचा घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.३५ ते ०.४५ च्या दरम्यान असतो आणि तो थंड अवस्थेतही जवळजवळ तेवढाच मिळतो. मात्र साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यातली राळ जळू लागते, तिचा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि पकड सुटते. शर्यतीच्या पॅडचे याच्या नेमके उलटे असते. तवा तापल्याशिवाय भाकरी होत नाही, तसे ते तापल्याशिवाय कामच करत नाहीत. महामार्गावर अर्धा तास एका वेगाने गेल्यावर ब्रेक जवळजवळ हवेच्याच तापमानाला आलेले असतात. डिसेंबरच्या पहाटे, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर आली, तर त्या पहिल्याच ब्रेकला गाडी अपेक्षेपेक्षा लांब जाऊन थांबेल. साखर कारखान्यांच्या हंगामात आपल्या भागात हा प्रसंग नित्याचा आहे. पावसाळ्यात डिस्कवर पाण्याचा थर असताना तर हा उशीर अधिकच जाणवतो.

पॅडच्या मागच्या पट्टीवर पुष्कळदा दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर कमी तापमानावरचे घर्षण दाखवते आणि दुसरे जास्त तापमानावरचे. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही चाचणी पॅडच्या लहानशा तुकड्यावर आणि साडेतीनशे अंशांच्या आतच होते. म्हणून ट्रॅकसाठी केवळ त्या अक्षरांवर विसंबू नये. निर्मात्याने दिलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख मागून घ्यावा. युरोपातील आर-९० प्रमाणन असेल, तर तो पॅड थंड अवस्थेतही मूळ पॅडच्या जवळपास वागतो एवढा भरवसा मिळतो. निव्वळ शर्यतीच्या पॅडवर ते सहसा नसते, आणि त्यामागे कारण आहे.

माझे मत स्पष्ट आहे. मूळ प्रतीचे पॅड साताऱ्यात, आणि ट्रॅकचा वेगळा संच डिकीत.

हळदबाजार (सांगली)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. आमच्या गॅरेजमध्ये ट्रॅकवरून आलेल्या गाड्यांची तक्रार बहुधा 'पॅड बेकार निघाले' अशी असते, आणि तपासल्यावर दोष ब्रेक ऑइलमध्ये, म्हणजे पेडलचा दाब पॅडपर्यंत पोचवणाऱ्या द्रवात सापडतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅडने दम सोडला आहे; पेडल मऊ होऊन थेट खाली जाते, तर ऑइल उकळून नळीत वाफ झाली आहे. ही दुसरी अवस्था अधिक घातक आहे, कारण तिची पूर्वसूचना फारच थोडी मिळते.

डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांवर उकळते, परंतु ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावलेल्या ऑइलसाठी मानकाची किमान अट केवळ १५५ अंशांची आहे. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. महाबळेश्वर-साताऱ्याकडचा पावसाळा पाहता, ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल ताजे भरून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा नीट काढून घेणे, हा खर्च पॅडच्या आधी करावा. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचे वेगळेच ऑइल असते. नावातल्या साम्याने फसून ते भरू नका.

पॅड अर्धे झिजले की ट्रॅकसाठी ते बाद समजावेत. रस्त्यावर ते आणखी खूप चालतील, पण पातळ पॅडमधून उष्णता पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे लवकर पोचते.

तुमच्या गाडीचे कॅलिपर (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो भाग) स्थिर पद्धतीचे आहेत, त्यामुळे चाक काढून खीळ आणि स्प्रिंग सोडवली की पॅड वरच्या बाजूने निघतात आणि कॅलिपर उतरवावा लागत नाही. मात्र मूळ पॅडच्या पाठीवर कंपन शोषणारी गोल बुचे असतात, ती पिस्टनमध्ये घट्ट बसलेली असल्याने पहिल्या वेळी पॅड सहजासहजी निघत नाहीत. पहिली अदलाबदल सवडीने घरी करून पाहावी. ट्रॅकवर घाईत नको. झीज दाखवणारी सेन्सरची तार जपून बाजूला करावी. पिस्टन मागे ढकलताना टाकीतले ऑइल वर येते, ते रंगावर सांडू देऊ नये.

पुढचे-मागचे पॅड एकाच मिश्रणाचे घ्यावेत. फक्त पुढचे अधिक पकडीचे टाकले, तर पुढची चाके आधी लॉक होऊ पाहतात, एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लवकर जागे होते आणि मागच्या ब्रेकची ताकद वापरली जात नाही. इंजिन मध्यभागी असलेल्या तुमच्या गाडीत मागच्या चाकांवर वजन चांगले असते, त्यामुळे तिथला वाटा सोडणे म्हणजे फुकटचे नुकसान आहे.

कोयनाकाठ (पाटण)

माझे मत थोडे वेगळे आहे. वर्षातून दोन-तीनच दिवस ट्रॅकवर जायचे असेल आणि चालक त्या ट्रॅकवर नवखा असेल, तर पहिल्या वर्षी दोन संचांचा व्याप कशासाठी? फेरोडो डीएस २५०० सारखे मधल्या प्रतीचे पॅड याच वापरासाठी ओळखले जातात. ते थंड असतानाही समाधानकारक थांबवतात आणि चार-पाच फेऱ्यांनंतर एक फेरी हळू मारून ब्रेक निवू दिले, तर ट्रॅकवरही निभावतात. आवाज आणि काळी भुकटी मूळ पॅडपेक्षा जास्त होईल. ती धातुयुक्त भुकटी पावसात चाकांवर गंजून चिकटते, तेव्हा चाके वेळच्या वेळी धुवावी लागतील. पण हजार किलोमीटर चालवत जाऊन तिथे जॅक लावत बसण्यापेक्षा मला हे परवडते.

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

कोयनाकाठ यांचा पर्याय नवख्या चालकासाठी योग्य आहे हे मान्य, पण चालकाचा हात बसला की तोच पॅड अपुरा पडू लागतो, आणि नेमका केव्हा अपुरा पडला हे वळणाच्या तोंडाशी कळते. तेवढे ध्यानात ठेवून तो घ्यावा.

घाटमाथा (सातारा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उसाच्या ट्रॉलीचे उदाहरण वाचून दुकानदाराचा सल्ला मी बाजूला ठेवला आहे. पहिल्या खेपेला मधल्या प्रतीचे पॅड चारही चाकांना आणि ताजे डॉट ५.१ ऑइल, असे ठरवतो. पुढे वेग वाढला तर ट्रॅकचा वेगळा संच घेईन. आता एकच शंका आहे. नवे पॅड डिस्कवर 'बसवून' घ्यावे लागतात असे म्हणतात. ते आपल्याकडे कुठे आणि कसे करावे? जुन्या डिस्क तशाच ठेवल्या तर चालतील का?

हळदबाजार (सांगली)

डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापापेक्षा पुरेशी जास्त असेल, तर तीच ठेवा. तुमच्या डिस्क छिद्रांच्या आहेत. छिद्रांच्या कडेपासून निघालेल्या बारीक भेगा भिंगातून तपासा, आणि एखादी भेग डिस्कच्या काठापर्यंत किंवा शेजारच्या छिद्रापर्यंत पोचली असेल, तर ती डिस्क ताबडतोब बाद करा. जुन्या पॅडचा थर मध्यम घासकागदाने, गोलाकार न घासता आडवे-तिडवे घासून काढा आणि डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. जुन्या थरावर नवा थर असमान बसला की पेडल थरथरते, आणि लोक मग डिस्क वाकली असे समजून ती फेकून देतात.

नव्या पॅडचा समान थर डिस्कवर बसवण्यासाठी पहाटेचा, वर्दळ नसलेला, सरळ आणि सपाट रस्ता लागतो. घाटही नको आणि महामार्गही नको, कारण मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही का ब्रेक मारताय हे कळणार नाही. ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवा. दोन वेळांमध्ये थोडे अंतर जाऊ द्या. नंतर ब्रेक शक्यतो न वापरता दहा-बारा किलोमीटर चालवून ते निवू द्या. पॅड गरम असताना गाडी थांबवून पेडल दाबून धरू नका, आणि घरी पोचल्यावर लगेच पार्किंग ब्रेकही लावू नका. गाडी गिअरमध्ये उभी करून चाकाला लाकडी ठोकळा लावा. ट्रॅकवर फेऱ्या संपवून आत आल्यावरही हेच करायचे.