फिजीत शाळा बांधायला जायचंय, पण बांधकामातलं काही येत नाही

मृण्मयी_स
मी प्राथमिक शिक्षिका. फिजीच्या वानुआ लेवू बेटावर वर्गखोल्या बांधणाऱ्या एका गटाबरोबर सुट्टीत जायचं घाटतंय. २०२० च्या डिसेंबरात यासा वादळाने तिकडची गावं झोडपली होती. मला हातोडी धड धरता येत नाही. गटवाले म्हणतात, "या तर खरं, भिंती रंगवा." तिकिटाचा आकडा बघून ते काही पटेना. कुणी अशा कामावर गेलंय का?

वासेतुळया
विन्स्टन वादळानंतर, म्हणजे २०१६ साली, मी कोरो बेटावर होतो. रंगाचं सोडा हो. तिथे वादळ आलं की गाव शाळेत आसऱ्याला जातं, म्हणून छप्पर टिकणं महत्त्वाचं. वारा छप्पर दाबत नाही, वर उचलतो. आधी सुटतात ते कोपरे, वळचण आणि आढ्याजवळचे पत्रे. तिथे स्क्रू दाट हवेत. रीप वाशाला, वासा भिंतीला, भिंत पायाला, सगळं गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांनी जखडलेलं हवं. मधे एक जोड कच्चा राहिला की बाकीचे असून नसल्यासारखे. दोनपाखीपेक्षा चौपाखी छप्पर बरं. पडवीचं छप्पर वेगळं ठेवायचं. उडालंच तर एकटं उडू दे!

सुतारकाम तिथलेच लोक करतात, आणि झकास करतात. अडतं ते तपासणीला. पत्रे चढायच्या आत एकेक जोड बघायला कुणाला सवड नसते. पट्टीला भोकं असतात. घाईत दोन-तीन खिळे ठोकून बाकीची तशीच सोडतात. शिडीवर चढा, भोकं बघा, झालेल्या जोडावर खडूने खूण करा. वह्या तपासता ना, तसंच. आणि काँक्रीटसाठी कुणी किनाऱ्यावरची वाळू आणताना दिसलं तर मुकादमाला लगेच सांगा. त्या मिठाने आतली सळई गंजते.

सुवाकर_वहिनी
बांधकामातलं मला कळत नाही, रीतीचं सांगते. आधी गावाच्या मुखियाला, म्हणजे तुरांगा नि कोरोला, भेटायचं. यांगोनाची, म्हणजे कावा या पेयाच्या झाडाची, मुळं घेऊन जा. ती मुळं देऊन गावात यायची परवानगी मागायची, त्याला सेवूसेवू म्हणतात. ते झाल्याशिवाय गावात हिंडू नये. गावात टोपी, गॉगल नको, गुडघे झाकलेले हवेत. रविवारी हातोडा वाजवायचा नाही, मग काम कितीही मागे पडलेलं असो. कुणा पोराच्या डोक्यावरून प्रेमाने हात फिरवाल, तर तेही नको.

मृण्मयी_स
हे शेवटचं बरं सांगितलंत, माझा हात आपसूक गेला असता! शिडीची भीती नाही. पण पाहुणी म्हणून जाऊन मी जाणत्या सुताराच्या कामात खोट काढायची?

वासेतुळया
काढू नका. पहिल्या दिवशी त्यालाच विचारा, "मला दाखवाल का, कुठे काय बघायचं?" मग खडू त्याच्याच हातात द्या. मी हेच केलं. दुपारनंतर तोच हाक मारून राहिलेली भोकं दाखवायला लागला.

निघण्याआधी गटाला दोन गोष्टी विचारा. नकाशावर कुठल्या इंजिनिअरची सही आहे? आणि तिथल्या सुतारांना मजुरी मिळतेय, की तीही "सेवा"? उत्तर देताना चाचरले, तर तिकीट काढू नका. तेवढे पैसे त्या शाळेच्या समितीला पाठवा. तिथल्या बहुतेक शाळा गावाच्या नाहीतर एखाद्या धार्मिक संस्थेच्या समित्याच चालवतात.