१८-५५ ने तारे शार्प येत नाहीत, फोकस कसा लावता? (बजेट २०००)

अमळनेरचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आणि बरा ट्रायपॉड आहे. येत्या अमावस्येला तोरणमाळला जातोय, यशवंत तलावावर मृग नक्षत्र घ्यायचंय. गच्चीवर करून पाहिलं तर तारे बुंदीएवढे येतात. ऑटोफोकस अंधारात नुसता घर्रघर्र करत पुढेमागे फिरतो, फोटो काढतच नाही. बजेट फार तर २००० रुपये. लेन्स बदलायची नाही, आधीच सांगतो.

सुवर्णनगरी_क्लिक्स
लेन्स बदला. किट लेन्सने आकाश काढणं म्हणजे रात्र फुकट घालवणं. मी फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घेतला, त्यावर १४ एमएम एफ २.८ लेन्स. थोडं थांबा, पैसे साठवा, पण एकदाच चांगलं घ्या. माझे फोटो प्रोफाइलला आहेत, बघून घ्या.

जिभाऊ_धुळे
२००० म्हटलंय त्याने, वाचा जरा. भाऊ, सोपं आहे. लेन्सवर आडवा आठ, म्हणजे अनंताची खूण असते ना, तिथे फोकसची रिंग आणून ठेव. विषय संपला.

अमळनेरचा_पोऱ्या
जिभाऊ, या लेन्सवर आडवा आठच नाही. एकही आकडा नाही रिंगवर.

जिभाऊ_धुळे
मग शेवटपर्यंत फिरवून टाक.

तापीकाठची_ताई
शेवटपर्यंत नको! रिंग अनंताच्या पुढेही थोडी जाते. ऑटोफोकसला पुढेमागे हलून बघायला जागा लागते, शिवाय थंडी-उन्हाने लेन्सचे भाग आकुंचतात-फुगतात, म्हणून तेवढी ढील मुद्दाम ठेवलेली असते. रिंग टोकाला टेकवली की तारे फुगणारच.
आधी सांग, तारे गोल फुगलेत की लांबट आहेत? गोल असतील तर फोकस. सगळे एकाच दिशेने लांबट असतील तर शटर जास्त वेळ उघडा राहतोय.

सुवर्णनगरी_क्लिक्स
आडव्या आठाचं ताई बरोबर म्हणतात. माझ्या १४ वर खूण एकीकडे आणि खरा फोकस दुसरीकडे. एवढे पैसे मोजून! दुकानदार म्हणतो, असंच असतं.

अमळनेरचा_पोऱ्या
ताई, गोल आहेत. शटर ३० सेकंद ठेवलं होतं, थोडे लांबटही असतील.

केळीवाला_रावेर
३० फार झालं. तारे लांबट येऊ नयेत म्हणून ठोकताळा असा: ५०० भागिले लेन्सचे १८ एमएम, भागिले तुझ्या लहान (क्रॉप) सेन्सरचे १.६, म्हणजे साधारण १७ सेकंद. १५ ठेव. फोकसचं म्हणशील तर चंद्रावर ऑटोफोकस लावायचा आणि मग लेन्सवरचं बटण एएफवरून (ऑटोफोकस) एमएफवर (हाताने फोकस) करायचं. मी आमच्या रावेरजवळच्या पालला जातो तेव्हा हेच करतो.

जिभाऊ_धुळे
अमावस्येला चंद्र कुठून आणायचा? केळीच्या बागेतून?

केळीवाला_रावेर
आधी चार दिवस लावून ठेवायचा आणि रिंगवर टेप मारायची. डोकं चालवा जरा.

भुसावळ_जंक्शन
टेप हवीच. पण खरा उपाय बाख्तिनोव्ह मास्क. पावेल बाख्तिनोव्ह नावाच्या रशियन हौशी खगोलप्रेमीने २००५ साली काढलेली युक्ती. लेन्सपुढे चिरांची चकती लावायची, ताऱ्याला तीन रेषा फुटतात. मधली रेष बाकी दोघींच्या बरोबर मध्यात आली की फोकस पक्का. माझ्या ८ इंची टेलिस्कोपला मी दुसरं काही वापरतच नाही. झेरॉक्सवाल्याकडून ओएचपी (पारदर्शक) शीटवर छापून घे, पन्नास-शंभरात काम.

तापीकाठची_ताई
टेलिस्कोपला उत्तम, पण त्याची लेन्स १८ एमएमची आहे. तिथे चिरा फारच बारीक लागतात आणि रेषा इतक्या आखूड पडतात की मध्य कळत नाही. ५५ ला कदाचित जमेल.

भुसावळ_जंक्शन
मग ५५ ला झूम करून फोकस लावायचा आणि १८ ला परत यायचं. सोपं.

तापीकाठची_ताई
किट लेन्सचा फोकस झूम बदलला की सरकतो. ज्या झूमवर फोटो, त्याच झूमवर फोकस.

पाटणादेवी_वारी
एवढ्या लांब तोरणमाळ कशाला? आपलं पाटणादेवी आहे ना. भास्कराचार्यांच्या गावी तारे बघण्याचा मान वेगळाच. रात्री थांबायचं तर आधी वनखात्याला विचारा, अभयारण्य आहे.

सुवर्णनगरी_क्लिक्स
भास्कराचार्यांचं गाव कोणतं यावर वाद आहे. त्यांनी स्वतः सांगितलेलं विज्जलवीड म्हणजे विजापूर असंही म्हणतात.

पाटणादेवी_वारी
म्हणू देत. पाटणादेवीजवळच्या पाटण्याला शिलालेख आहे, त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याचा. विजापूरवाल्यांकडे काय आहे?

केळीवाला_रावेर
इथे फोकस चालू होता.

शिरपूर_नाईट्स
हायपरफोकल काढा की, म्हणजे जिथे फोकस लावला की पुढचं आणि अनंतापर्यंतचं सगळं शार्प येतं ते अंतर. १८ एमएम, एफ ३.५, क्रॉप सेन्सर, साधारण ५ मीटर. पाच मीटरवर मित्राला टॉर्च घेऊन उभा करा, त्याच्यावर ऑटोफोकस लावा, एमएफ करा. काठापासून ताऱ्यांपर्यंत सगळं शार्प.

तापीकाठची_ताई
गणित बरोबर, पण त्यातलं शार्प म्हणजे ‘चालून जाईल इतपत’. डोंगराला ते चालतं. तारा हा ठिपका आहे, त्यात लगेच दिसतं. फोकस ताऱ्यावरच लाव, काठाचा वेगळा फोटो घे आणि घरी जोड.
मी कसं करते ते सांगते. लेन्स १८ वर, एफ ३.५, बटण एमएफला, आयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद. एम मोड (सगळं हाताने), आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) ६४००, शटर लांब, स्क्रीनचा उजेड पूर्ण. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र) लावून सगळ्यात ठळक तारा चौकोनात घ्यायचा. मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांच्या रेषेत खाली गेलं की व्याध. तो उगवला नसेल तर ब्रह्महृदय किंवा रोहिणी. दहा पट मोठं करायचं. आधी फिकट गोळा दिसेल. रिंग अगदी केसभर फिरवत राहायची, फिरवली की हात काढायचा आणि हलायचं थांबलं की बघायचं. गोळा आवळत जातो, आणि बरोबर जागेवर आलं की मघापर्यंत नसलेले बारीक तारे शेजारी उमटतात. तिथेच थांबायचं नाही. पुढे जाऊन तो परत फुगायला लागतो ते बघायचं आणि मागे यायचं. बऱ्याच लेन्सना एका बाजूला जांभळट कड दिसते, दुसऱ्या बाजूला हिरवट. दोन्ही जिथे विरतात ती जागा. मग १५ सेकंदांचा एक फोटो काढून तोही मोठा करून बघ.
तासाभराने पुन्हा तपास. तोरणमाळला वर डिसेंबरात पारा भराभर उतरतो, फोकस थोडा हलतो, काचेवर दवही बसतं. म्हणून चार दिवस आधी चंद्रावर लावून ठेवलेल्याचा उपयोग नाही.

शिरपूर_नाईट्स
मीही लाइव्ह व्ह्यूच म्हणणार होतो.

बालाजीपेठ
स्क्रीन नीट दिसत नसेल तर सराफ वापरतात ते भिंग घ्या. आमच्या दुकानात पडलेलं असतं. स्क्रीनवर ठेवलं की तारा फुगलाय की नाही, लगेच कळतं. जळगावात सराफी सामान विकणाऱ्याकडे स्वस्तात मिळेल.

भुसावळ_जंक्शन
हे बरं सांगितलं. पण टेप विसरू नका. रिंग पुढच्या टोकाला असते, लेन्सची टोपी लावतानाही सरकते.

केळीवाला_रावेर
टेप मीच आधी सांगितली.

जिभाऊ_धुळे
आणि वायरिंगची काळी टेप नको. आमच्या मेव्हण्याची लेन्स मे महिन्यात गाडीत राहिली, गोंद पाघळून रिंगमध्ये गेला. अजून फिरवली की चरचरते. रंगारी वापरतात ती कागदी टेप घे.

सुवर्णनगरी_क्लिक्स
५० एमएम एफ १.८ तरी घ्या राव. आकाश अंधारात काढायचं तर एवढा उजेड लागतोच.

तापीकाठची_ताई
दोन हजारात येत नाही ती. आणि मृग, तलाव, झाडं एका फोटोत मावणार नाहीत तिच्यात.

अमळनेरचा_पोऱ्या
सगळ्यांचे आभार. काल रात्री गच्चीवर ताईंच्या पद्धतीने व्याधावर लावला. शेजारचे बारीक तारे खरंच उमटले! फोटो मोठा करून पाहिला, बुंदी गेली. कोपऱ्यातले तारे जरा पंखासारखे दिसतात, पण तो लेन्सचाच गुण असावा.
तर ठरलं ते असं. लाइव्ह व्ह्यू बॅटरी फार खातो, म्हणून पैशातून दुसरी बॅटरी घेतली. भिंग आईच्या भावाकडून आणतोय, तेही सराफीतच आहेत. मास्क नाही, ५० नाही. टेपही लावणार नाही, हे सगळ्यांना पटणार नाही माहितीये. रिंग सरकली तर पुन्हा लावेन, तसंही तासाभराने तपासायचंच आहे. आणि जागा तोरणमाळच.

पाटणादेवी_वारी
एकदा पाटण्याला येऊन बघा, मग बोला.

भुसावळ_जंक्शन
टेपशिवाय? बघ बुवा.

जिभाऊ_धुळे
आते काय सांगू तुले भाऊ. बरं, शहाद्यालाच टाकी फुल कर, वर पंपाच्या भरवशावर राहू नको. दुसरी बॅटरी खिशात ठेव, बॅगेत नको, थंडीत लवकर उतरते.