चाळिशीनंतर पियानो: घरच्या घरी शिकता येतो की क्लास लागतोच?

उशिरा_सुचलं
मागच्या महिन्यात एका लग्नात कोणीतरी विचारलं हल्ली नवीन काय, म्हटलं पियानो शिकतोय. पुढचा प्रश्न ठरलेला, "कोणाकडे?" म्हटलं कोणाकडे नाही, घरीच. अपेंडिक्सचं ऑपरेशन घरच्या घरी उरकलं असं सांगितलं असतं तरी समोरच्याचा चेहरा एवढा पडला नसता. तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून इथे टाकतोय.

वय 46, कोथरूड, नोकरी आयटीत. आधी रीतसर क्लास लावला होता, पाच महिने. शनिवारी संध्याकाळी माझ्या आधी आठ वर्षांची मुलगी, माझ्यानंतर दहा वर्षांचा मुलगा आणि मध्ये हे काका. सर चांगले होते पण गाडी एकाच रुळावर, ग्रेडची परीक्षा. तीन पीस, स्केल्स (सूर ओळीने वर-खाली वाजवणं), साइट रीडिंग (नोटेशन पहिल्यांदाच बघून वाजवणं), की पुढची ग्रेड. मला परीक्षा द्यायची नाहीये हो, मला मुलगा झोपल्यावर रात्री साडेदहाला हेडफोन लावून अर्धा तास वाजवायचंय आणि त्या अर्ध्या तासात ऑफिस विसरायचंय. क्लास सोडला, 88 कीजचा वेटेड (कीज खऱ्या पियानोसारख्या जड) डिजिटल पियानो घेतला, मोठ्यांसाठीचं एक मेथड बुक आणि बाकी व्हिडिओ. 14 महिने झाले. दोन्ही हात चालतात, सी, जी आणि एफ मेजर स्केल पाठ, सोपे पीस नोटेशन बघून बसवतो.

माझा मुद्दा असा आहे की गुरूशिवाय संगीत नाही हे आपण गाण्यावरून उचललंय. गाण्यात ते खरंच आहे, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कागदावर लिहिता येत नाही, अमुक रागातला गंधार किती उतरवायचा ते समोर बसून ऐकल्याशिवाय कळत नाही. पण पियानोत सगळं लिहिलेलं असतं. कुठला सूर, किती वेळ, हळू की जोरात, कुठलं बोट, अंगठा 1 आणि करंगळी 5, सगळं छापलेलं. आणि की दाबली की सूर बरोबरच येतो, बेसूर होण्याची सोयच नाही. मग गुरू नेमकं काय शिकवणार? मोठ्या माणसाला वाचता येतं, गुगल करता येतं, आपल्याला काय हवंय ते माहीत असतं. लहान मुलाला क्लास लागतो कारण त्याला कोणीतरी बसवावं लागतं. मला बसवायला कोणी लागत नाही, उठवायला लागतं.

बोला आता.

तिसरी_घंटा
ठाण्यात 19 वर्षं पियानो शिकवते आहे, त्यामुळे हिचं पोट त्यावर आहे म्हणून बोलते असं म्हणायचं तर खुशाल म्हणा.

सगळं छापलेलं असतं म्हणताय, चला, सी मेजर घ्या. उजव्या हाताला बोटं छापलेली असतात 1 2 3 1 2 3 4 5. तिसऱ्यानंतर अंगठा खालून पलीकडे न्यायचा. कागदावर एवढंच. पण तो नेताना कोपर बाहेर फेकायचं नाही, मनगट खाली बसू द्यायचं नाही, अंगठा पोचल्यावर धप्पकन आपटायचा नाही, हे कुठे छापलंय? माझ्याकडे घरी शिकून आलेले जेवढे मोठे विद्यार्थी आले त्यातल्या बहुतेकांच्या स्केलमध्ये चौथा सूर बाकीच्यांपेक्षा मोठा वाजायचा. तो अंगठा. त्यांना तो ऐकू येत नाही कारण रोज तसाच ऐकून कान बसलेला असतो.

दुसरं म्हणजे पियानोचा हातोडा तुम्ही की दाबल्यावर तारेपर्यंत तुमच्या बोटाला चिकटून जात नाही, शेवटच्या टप्प्यात तो सुटतो आणि पुढे आपला आपण जातो. म्हणजे सूर कसा वाजणार ते सगळं तो सुटायच्या आधी ठरलेलं असतं, नंतर की कितीही दाबून धरा, तो वाढणार नाही, गोड होणार नाही. तुमच्या हातात फक्त सोडायचं कधी एवढंच उरतं. मग ते आधीचं वजन बोटातून आलं, मनगटातून आलं की खांदा आवळून आलं हे बाहेरून बघणाऱ्याला दिसतं, वाजवणाऱ्याला नाही. त्यासाठी मी फी घेते.

परीक्षेबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. 46 वर्षांच्या माणसाला ग्रेडच्या घाण्याला जुंपणं चूक आहे. पण तो त्या क्लासचा दोष झाला.

चिंचगूळ
आता कोणीतरी एकलव्य काढेल, त्याआधी सांगून ठेवते, त्याचा अंगठा गेला होता आणि इथे सगळं भांडण अंगठ्यावरच चाललंय.

पेटीवाला
मी मिरजेचा, 25 वर्षं पेटी वाजवतो, भजनाला साथ करतो. तीन वर्षांपूर्वी भाच्याने त्याचा डिजिटल पियानो माझ्याकडे ठेवला, म्हटलं यात काय आहे, पट्ट्या त्याच, काळी चार तीच, पांढरी पाच तीच. बसलो. उजवा हात पळाला आणि डावा हात शेजारी पाहुण्यासारखा बसून राहिला. बरोबरच आहे, 25 वर्षं त्याला भाता मारण्यापलीकडे काम नव्हतं. त्याला कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकदम, धरायला लावला की उजवाही थांबायचा. दोघांना एकत्र चालवायला मला आठ महिने लागले आणि ते कोणी शिकवून आलेलं नाही, रोज दोन ओळी, आधी वेगवेगळे हात, मग दोन्ही, मुंगीच्या वेगाने.

आणखी एक घोळ म्हणजे पेटीत जोर बोटात नसतो, भात्यात असतो. पट्टी हळू दाबा नाहीतर गुद्दा मारा, आवाज तोच. त्यामुळे माझी सगळी बोटं बहिरी होती म्हणा ना, पियानोवर प्रत्येक सूर वेगळ्या आवाजात यायला लागला तेव्हा कळलं. शिवाय अंगठा काळ्या पट्टीवर ठेवायची आमची सवय, पियानोच्या स्केलमध्ये तो शक्यतो पांढरीवरच.

तर ताईंचं पटतं. पण मूळ लेखकाचंही पटतं, कारण मी क्लासला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी मला पाच रेघांचं नोटेशन दिलं आणि म्हणाले सा रे ग म विसरा. का विसरू? माझा सा कुठेही बसतो, तीच माझी ताकद आहे. गेलोच नाही परत.

एका गोष्टीला मात्र हरकत. की दाबली की सूर बरोबरच येतो असं म्हणू नका. पियानोचे सगळे सूर सारख्या अंतरावर वाटलेले असतात, त्यात शुद्ध गंधार तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा चढा लागतो. पेटीचंही तेच. 1940 ते 1971 आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, तिच्यावरच्या आक्षेपांत हा एक होता. बेसूर होण्याची सोय नाही असं नाही, सगळ्यांनी मिळून ठरवून थोडं बेसूर व्हायची सोय आहे.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. मंडळी एवढं काय घेऊन बसलात, एरॉल गार्नर नावाचा जॅझ पियानिस्ट होऊन गेला, जन्म 1921 चा. त्याला नोटेशन अजिबात वाचता यायचं नाही, सगळं कानाने, आणि जगभर कार्यक्रम केले. क्लास, ग्रेड, हे सगळं दुकान आहे. मी पन्नाशीत सुरू केलं, वरून रंगीत पट्ट्या पडणारं ॲप लावलंय, पट्टी आली की दाबायची. सहा महिन्यांत 11 गाणी झाली.

तिसरी_घंटा
गार्नर तीन वर्षांचा असताना पियानोवर बसला होता, पन्नासाव्या वर्षी नाही.

आणि त्या 11 गाण्यांपैकी एक तरी ॲप बंद करून वाजवून दाखवा. भांडण म्हणून नाही विचारत, खरंच करून बघा. पट्टी पडते तशी दाबणं यात डोळे शिकतात, कान आणि हात शिकत नाहीत.

एडिसनकर
दीड गाणं आलं. जाऊदे.

उशिरा_सुचलं
ताई, हातोड्याचं वाचून मजा आली, हे मला 14 महिन्यांत एकाही व्हिडिओत मिळालं नव्हतं. पण बघा ना, तुम्ही इथे चार ओळींत लिहिलंत आणि मला कळलं, म्हणजे लिहून कळतंच की! अंगठ्याचा सूर मोठा येतो हे मला आता माहीत झालं, आता मी ते ऐकेन. मोबाईल समोर ठेवला की बाहेरून बघणारा मिळाला, दर आठवड्याला फी मोजायची गरज काय? माझ्या मते मोठ्या शिकणाऱ्याला गुरू नाही, आरसा लागतो.

पेटीवाले काका, मला मात्र नोटेशनने वाचवलं. मला कान नाही, खरं सांगतो, लहानपणी शाळेत समूहगीतात मला नुसते ओठ हलव म्हणाले होते. पाच रेघा वाचायला लागलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की संगीत ही आपल्यासारख्यांनाही आत येऊ देणारी जागा आहे. त्यामुळे सा रे ग म विसरा म्हणणारे जितके चूक तितकेच नोटेशन म्हणजे परकं म्हणणारेही.

मडगांवची
तुम्ही सगळे कागद विरुद्ध कान असं भांडताय त्याची मला गंमत वाटते, कारण गोव्यात हे दोन्ही एकाच दप्तरात असायचं. आमच्या शेजारच्या अंकलचे वडील चर्चच्या पारोकियाल शाळेत, म्हणजे गावच्या चर्चने चालवलेल्या शाळेत, शिकलेले. तिथे वाद्याला हात लावायच्या आधी कागद बघून दो रे मी तोंडाने म्हणायचं. आधी गळा, मग व्हायोलिन. म्हणून तर जुन्या हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याचे लोक एवढे भरलेले असायचे, कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. तेव्हा ज्यांना कान नाही असं वाटतं त्यांनी आधी ती ओळ गुणगुणावी, कशीही, दार लावून. मी 39 व्या वर्षी सुरू केलं तेव्हा त्याच अंकलने हे एकच सांगितलं आणि माझी निम्मी अडचण गेली.

मला वाटतं खरा तोटा क्लास नसण्याचा नाही, एकटं असण्याचा आहे. आमच्याकडे कोणाच्या तरी घरात पियानो असतो, पावसाळ्यात दमट हवेने सूर चढलेला, दोन कीज अडकलेल्या, तरी कोणीतरी येऊन शेजारी बसतं आणि खालचे सूर धरतं. दुसरं माणूस वाजवत असताना चुकलं तर थांबता येत नाही, पुढे जावंच लागतं. ते हेडफोनमध्ये कधीच शिकता येणार नाही बाबा. हेडफोनमध्ये चुकलं की माणूस मागे जातो, परत तीच ओळ, परत तीच, आणि त्याला वाटतं रियाज झाला.

पेटीवाला
हे शंभर टक्के. भजनात चुकलं म्हणून थांबलास तर टाळवाले तुडवून पुढे जातात.

चिंचगूळ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, संगीतातलं कळत नाही, पण माझ्याकडे मनगट धरून येणारे कीबोर्डवाले दोन प्रकारचे असतात, ऑफिसचा कीबोर्ड आणि हा कीबोर्ड, आणि मोठ्या वयात हौस लागलेले बऱ्याचदा दोन्ही. दिवसभर माऊस आणि रात्री स्केल्स. मूळ लेखकांना एकच विचारते, बसता कशावर? डायनिंगच्या खुर्चीवर ना? कोपर साधारण कीजच्या उंचीला यायला पाहिजे, हात जमिनीला समांतर. कोपर खाली गेलं की मनगट मोडून वर येतं आणि खांदे कानाला लागतात. दुखायला लागलं की थांबायचं, सवय होईल म्हणून दामटायचं नाही.

तिसरी_घंटा
मूळ लेखक, तुम्ही आरसा म्हणालात ना, मग एक प्रयोग करा. तुमचा सगळ्यात चांगला बसलेला पीस घ्या. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, सूर लांबवणारं पेडल काढून बाजूला, पहिले 16 बार (नोटेशनमधले उभ्या रेघांमधले भाग), मोबाईल बाजूने लावा म्हणजे मनगट दिसेल. एकदाच वाजवायचं, दुसरी संधी नाही. आणि बघायचं लगेच नाही, उद्या सकाळी.

उशिरा_सुचलं
केलं. मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून, खुर्चीवर उशी ठेवून (हो, डायनिंगचीच खुर्ची, दोन उशा लागल्या). वाजवताना वाटलं मस्त झालं. आज सकाळी चहा घेत बघितलं.

पहिले सहा बार ठीक. सातव्यापासून मी पुढे आणि मेट्रोनोम मागे, आणि 11 व्या बारला डावा हात चक्क थांबतो, चांगला एक ठोका, मग काहीच न झाल्यासारखा परत सुरू. हे मला 14 महिन्यांत एकदाही ऐकू आलं नव्हतं. पेडलने सगळं झाकलं जात होतं बहुतेक, सूर लांबत राहायचे आणि मला वाटायचं काय सलग वाजतंय.

तरी क्लास लावणार नाही, आधीच सांगतो. पण महिन्यातून एकदा ऑनलाइन बघून फक्त चुका सांगणारं कोणी असतं का? परीक्षा हा शब्द काढायचा नाही या अटीवर.

पेटीवाला
म्हणजे ताई जिंकल्या म्हणायचं का? मी नाही मानत. मेट्रोनोमने पकडलं तुम्हाला, माणसाने नाही.

तिसरी_घंटा
मेट्रोनोम लावा हे माणसानेच सांगितलं काका.

आणि हो, असतात तसे शिकवणारे, विचारलं तर तयार होतात. तोवर महिनाभर पेडल कपाटात ठेवा. आता तो व्हिडिओ परत लावा आणि डाव्या हाताची करंगळी कुठे आहे ते सांगा.

उशिरा_सुचलं
हवेत.

चिंचगूळ
बशीतून चहा पिताना असते तशी?

उशिरा_सुचलं
अगदी तशी. 16 च्या 16 बार.