विषय: वेबसाइटच्या कोटेशनवर विक्रीकर, आणि शाळांचा पैसा

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य, कर्कलंड (वॉशिंग्टन राज्य)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या नव्या वेबसाइटसाठी तीन कोटेशनं आली आहेत. साधारण ६,००० डॉलरच्या कामावर सगळ्यांनीच सहाशेच्या वर विक्रीकर लावलाय. जुन्या वेबसाइटच्या बिलात ही ओळ नव्हती. आपली संस्था ना-नफा आहे, मग हा कर आपल्याला लागतो का? एका विक्रेत्याने "हा शाळांसाठीचा कर आहे" असंही लिहिलंय. खजिनदारकाका, जरा उलगडून सांगाल का?

———

प्रेषक: खजिनदार

लागतो. ५०१(सी)(३) हा आपला ना-नफा दर्जा केंद्राच्या आयकरापुरता आहे. वॉशिंग्टन राज्यात ना-नफा संस्थांना खरेदीवर सरसकट विक्रीकर-माफी नाही.

बदल झालाय तो १ ऑक्टोबर २०२५ पासून. सिनेट विधेयक ५८१४ वर गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मे महिन्यात सही केली आणि काही सेवा विक्रीकराच्या कक्षेत आल्या: ग्राहकासाठी वेबसाइट बनवणं, ऑर्डरप्रमाणे सॉफ्टवेअर, आयटी प्रशिक्षण आणि तांत्रिक साहाय्य, जाहिरात सेवा, तात्पुरते कर्मचारी पुरवणं, सुरक्षा सेवा, आणि थेट सादर होणारी व्याख्यानं-कार्यशाळा.

कोटेशनबद्दल एक महत्त्वाचं. वेबसाइट बनवण्यावर कर आहे, पण सर्व्हरवरची जागा (होस्टिंग) आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंदणी यांवर नाही. विक्रेत्याने हे सगळं "वेबसाइट पॅकेज, ६,००० डॉलर" असं एका ओळीत लिहिलं तर करपात्र आणि करमुक्त वस्तूंचा गठ्ठा धरला जातो आणि पूर्ण रकमेवर कर बसतो. म्हणून तिघांकडूनही ओळीनिहाय कोटेशन मागवा: बनवणं वेगळं, होस्टिंग वेगळं, डोमेन वेगळं. समजा ६,००० पैकी १,२०० होस्टिंगचे असतील, तर १०.३ टक्के दर धरून १२३ डॉलर ६० सेंट वाचतात. विक्रेता हे आपणहून करत नाही, कारण तो कर त्याच्या खिशातून जात नाही.

दिवाळी अंकासाठी आपण घेतो त्या जाहिरातींचंही सांगून ठेवतो. छापील अंकातली जाहिरात आणि कार्यक्रमात लावलेला फलक जाहिरात सेवेच्या व्याख्येतून वगळले आहेत. वेबसाइटवरचा बॅनर मात्र व्याख्येत बसतो. निधी उभारण्यासाठीच्या विक्रीला ना-नफा संस्थांना वेगळी सवलत आहे, तिच्या अटी बघूनच दरपत्रक ठरवू. रविवारच्या मराठी शाळेच्या फीवर कर लागतो का, याबद्दल अंदाज बांधू नये. महसूल विभाग लेखी प्रश्नाला लेखी उत्तर देतो आणि ते त्यांच्यावर बंधनकारक असतं. प्रश्नात खरी वस्तुस्थिती पूर्ण लिहावी लागते, अर्धवट लिहिली तर त्या उत्तराचं संरक्षण मिळत नाही. पत्राचा मसुदा करतो.

शाळांचं म्हणाल, तर विधेयकाच्या शीर्षकात शाळांचा उल्लेख आहे, पण पैसा राज्याच्या सर्वसाधारण निधीत जातो. त्या निधीतला सर्वांत मोठा खर्च शाळांचा आहे, एवढंच. भारतात २००४ पासून शिक्षण उपकर निराळा काढतात, तसं हे नाही.

———

प्रेषक: सभासद, रेडमंड (सॉफ्टवेअर सल्लागार)

काका, तुमच्या उत्तरात विक्रेत्याची बाजूही यायला हवी, कारण या ई-मेल यादीतले बरेच जण दोन-चार माणसांच्या सल्लागार कंपन्या चालवतात.

सेवा "किरकोळ विक्री" ठरली की आपल्यावरचा बी अँड ओ कर (धंद्याच्या एकूण उलाढालीवरचा राज्याचा कर) कमी होतो. वर्षाला ३ लाख डॉलरचं काम धरा. सेवा वर्गाच्या १.५ टक्क्यांनी ४,५०० होत होते. किरकोळ वर्गाच्या ०.४७१ टक्क्यांनी १,४१३ होतात (लघुउद्योगांची सवलत सोडून). पण त्याच कामावर ग्राहकाला १०.३ टक्क्यांनी ३०,९०० डॉलर विक्रीकर पडतो. तो आपण गोळा केला नाही तर महसूल विभाग आपल्याकडून वसूल करतो. "ग्राहकाने दिला नाही" हे उत्तर चालत नाही.

चुका नेहमी ठरावीक ठिकाणी होतात. पहिली, दर आपल्या ऑफिसच्या पत्त्याचा लावणं. दर ग्राहक सेवा जिथे घेतो तिथला लागतो. सिएटल, बेलव्ह्यू, स्पोकेन, सगळे वेगळे. ग्राहक कॅलिफोर्नियात सेवा घेत असेल तर इथला विक्रीकर नाहीच, पण करारात ते ठिकाण लिहिलेलं हवं. दुसरी चूक जास्त महाग आहे. माणसं पुरवणारी छोटी कंपनी मोठ्या पुरवठादाराला माणूस देते आणि तो पुढे मूळ ग्राहकाला देतो. मधल्याने रीसेलर परमिट (पुढे विकण्यासाठी विक्रीकराशिवाय घेण्याचा परवाना) दिलं नाही तर पहिल्या टप्प्यावर दहा टक्के, आणि पुढे पुन्हा दहा टक्के. परमिटची प्रत पहिलं बिल काढायच्या आधी फाइलमध्ये असू द्या. नंतर मागितली की लोक टाळाटाळ करतात.

आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. भारतात सेवाकर १९९४ साली तीनच सेवांवर, ५ टक्क्यांनी सुरू झाला: टेलिफोन, सर्वसाधारण विमा, शेअर दलाली. वाढत वाढत तो जीएसटीत गेला, पण सोबत आधीच्या टप्प्यावर भरलेल्या कराची वजावट आली. इथे वजावट नाही. बेकरीवाल्याने वेबसाइट करून घेतली की तो कर त्याच्या पावाच्या किमतीत मुरतो. मोठी कंपनी आयटी विभाग घरातच ठेवते, पगारावर विक्रीकर नाही, ती सुटते. वकील, लेखापाल, वास्तुविशारद यांच्या फीवर आजही विक्रीकर नाही. वेबसाइटवाल्यावर कर आणि वकिलावर नाही, यामागे कोणतं तत्त्व आहे ते मला दिसत नाही.

———

प्रेषक: सभासद, बॉथेल

दादांचा आक्षेप मान्य, पण सेवांकडे राज्य का वळलं ते बघितल्याशिवाय चर्चा अपुरी राहील.

१९३३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चढत्या दराचा आयकर रद्द केला. उत्पन्न ही मालमत्ता, आणि मालमत्तेवर एकसारखाच कर हवा, असं धरून. १९३५ मध्ये त्याऐवजी विक्रीकर आणि बी अँड ओ आले. तेव्हा लोक खर्च करत ते प्रामुख्याने मालावर. आज घरखर्चाचा मोठा हिस्सा सेवांवर जातो आणि विक्रीकराचा पाया आकसत जातो. राज्याचा दर १९८३ पासून ६.५ टक्केच आहे, वर स्थानिक कर चढत चढत सिएटलमध्ये एकूण १० टक्क्यांच्या पुढे गेले. पाया अरुंद आणि दर उंच असला की झळ बसते टायर, भांडी, कपडे घेणाऱ्याला. आयटेप या करधोरणाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार वॉशिंग्टनमध्ये सर्वांत गरीब २० टक्के कुटुंबं उत्पन्नाच्या १३.८ टक्के राज्य आणि स्थानिक करांत देतात, सर्वांत श्रीमंत १ टक्का देतात ४.१ टक्के. हे आपल्या राज्याला शोभत नाही.

दुसरीकडे राज्यघटना म्हणते की सर्व मुलांच्या शिक्षणाची भरपूर तरतूद हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य. २०१२ च्या मॅक्लिअरी निकालात न्यायालयाने राज्य त्यात कमी पडतं असं ठरवलं, २०१४ मध्ये विधिमंडळाला अवमानासाठी दोषी धरलं, २०१५ मध्ये रोज १ लाख डॉलर दंड लावला. प्रकरण मिटलं २०१८ मध्ये, राज्याचा मालमत्ता कर वाढवून आणि स्थानिक लेव्हींवर (शालेय जिल्हे स्वतः लावतात त्या मालमत्ता करावर) मर्यादा घालून.

ती मर्यादा नीट समजून घ्या, अन्याय तिथेच आहे. शालेय जिल्ह्याला मालमत्तेच्या दर हजारी २.५० डॉलर किंवा दर विद्यार्थ्यामागे ठरलेली रक्कम, यांतलं जे कमी तेवढंच उभारता येतं. (विद्यार्थ्यामागची रक्कम २०२५ च्या अधिवेशनात वाढवली.) एक जिल्हा धरा जिथे दर विद्यार्थ्यामागे ३० लाखांची मालमत्ता आहे. हजारी फक्त १ डॉलर लावला की विद्यार्थ्यामागे ३,००० मिळाले. दुसऱ्या जिल्ह्यात विद्यार्थ्यामागे ६ लाखांची मालमत्ता. तिथे पूर्ण २.५० लावूनही १,५०० च मिळतात. म्हणजे १० लाखांच्या घराचा मालक वर्षाला १,००० भरतो, ४ लाखांच्या घराचा मालकही १,००० च भरतो, आणि दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला निम्मं येतं. राज्य साहाय्य देतं, पण ते या दरीचा एक भागच भरतं.

घराचं मूल्यांकन वाढलं की शाळेचा कर त्याच प्रमाणात वाढतो, हा समज मात्र सोडून द्या. लेव्हीची एकूण रक्कम आधी ठरते आणि मग घरांवर वाटली जाते. तुमचं घर शेजाऱ्यांइतकंच वाढलं तर तुमचा हिस्सा तोच राहतो.

म्हणून मला भांडवली नफ्यावरचा कर योग्य वाटतो. २०२२ पासून ७ टक्के. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, २०२४ च्या नोव्हेंबरात मतदारांनी रद्द करायला नकार दिला. दरवर्षीचे पहिले सुमारे ५० कोटी डॉलर शिक्षण निधीत, त्यावरचे शाळांच्या बांधकामाला. उणीवही सांगते: शेअर बाजारासोबत हा कर हेलकावे खातो. दुसऱ्या वर्षी वसुली पहिल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास उतरली. क्रम असा लावलाय की घट झाली तर पहिला फटका बांधकामाला बसतो.

———

प्रेषक: सभासद, सॅमामिश

ताई, आरएसयू (कंपनीकडून पगाराचा भाग म्हणून मिळणारे शेअर) विकल्यावर हा ७ टक्के कर लागतो का? यादीवर दोन्ही उत्तरं वाचली आहेत.

———

प्रेषक: सभासद, बॉथेल

शेअर व्हेस्ट होतात, म्हणजे आपल्या मालकीचे होतात, त्या दिवसाची किंमत हा तुमचा पगार, त्यावर हा कर नाही. १,००० शेअर १२० डॉलरला व्हेस्ट झाले तर १ लाख २० हजार पगारात गेले. वर्षाहून जास्त ठेवून २०० ला विकले तर फक्त वरचे ८० हजार दीर्घ मुदतीचा नफा. वर्षाच्या आत विकले तर या करात काहीच येत नाही.

२०२५ साठी वजावट २ लाख ७८ हजार आहे. नवरा-बायको मिळून एकच, वेगळी विवरणपत्रं भरली तरी. ४ लाखांचा नफा असेल तर १ लाख २२ हजारांवर ७ टक्के, म्हणजे ८,५४० डॉलर. करपात्र नफा १० लाखांच्या पुढे गेला तर त्या भागावर २०२५ पासून ९.९ टक्के. घराची विक्री आणि ४०१(के), आयआरए या निवृत्ती खात्यांमधली उलाढाल यांना हा कर नाही.

गफलत हमखास होते ती ब्रोकरच्या १०९९-बी या शेअर विक्रीच्या पत्रकात. आरएसयूची खरेदी किंमत तिथे पुष्कळदा शून्य किंवा कोरी असते. तशीच उतरवली की वरच्या उदाहरणात ८० हजारांऐवजी २ लाख नफा दिसतो आणि पगारात गेलेल्या रकमेवर केंद्राचा कर दोनदा भरला जातो. ब्रोकरच्या पूरक पत्रकात खरी किंमत असते, ती केंद्राच्या ८९४९ या फॉर्ममध्ये दुरुस्ती म्हणून घाला. राज्याचं विवरणपत्र केंद्राच्या आकड्यांवर उभं राहतं, म्हणून आधी तिकडचं नीट करा.

कर निघत नसेल तर राज्याकडे काही भरावं लागत नाही. निघत असेल तर महसूल विभागाच्या पोर्टलवर, केंद्राच्या विवरणपत्राच्या प्रतीसह. केंद्राकडे मुदतवाढ घेतली तर राज्याच्या विवरणपत्राचीही मुदत वाढते, पैसे मात्र एप्रिलच्या तारखेलाच भरायचे.

———

प्रेषक: खजिनदार

एक पुरवणी. बारावीतल्या मुलांच्या पालकांसाठी: मोठ्या संगणक कंपन्यांवरचा बी अँड ओ अधिभार वॉशिंग्टन कॉलेज ग्रँटला (कॉलेजच्या खर्चासाठी राज्य देतं त्या मदतीला) पैसा पुरवतो. १ जानेवारी २०२६ पासून तो ७.५ टक्के आहे, वर्षाची कमाल मर्यादा ९० लाखांवरून ७.५ कोटी डॉलर झाली. ग्रँट कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. व्हिसामुळे मुलाला फाफ्सा (शैक्षणिक मदतीसाठीचा केंद्राचा अर्ज) भरता येत नसेल तर वासफा (राज्याचा तसाच अर्ज) भरा, त्यासाठी राज्यातल्या वास्तव्याची आणि शाळेची अट आहे. शाळेच्या समुपदेशकाकडून कागद आधी तपासून घ्या.

आणि कर्कलंडच्या ताई, तिन्ही विक्रेत्यांना ओळीनिहाय कोटेशनसाठी आजच लिहा. आल्यावर एका तक्त्यात टाकून पुढच्या बैठकीच्या आधी कार्यकारिणीला पाठवतो.