डेटा विभागातली नोकरी: तुमचे अनुभव लिहा

पुतणी स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी होऊन एका आयटी कंपनीच्या डेटा टीममध्ये लागतेय. आजी रोज विचारते, "म्हणजे तू नक्की करणार काय?" आणि उत्तर कुणालाच धड देता येत नाही. या विभागात असलेल्यांनी लिहा. पगाराचे आकडे नकोत, एआयवर व्याख्यानही नको. दिवसभर काय चालतं ते सांगा.

ॲनालिस्ट, खराडी
आकडे का जुळत नाहीत हे शोधण्यात निम्मा दिवस जातो. सेल्सचा आकडा वेगळा, फायनान्सचा वेगळा, आणि दोघंही बरोबर! सेल्सवाले ऑर्डर आली की मोजतात. फायनान्सवाले परत आलेला माल वजा करून. 'ॲक्टिव्ह युजर' म्हणजे ॲप उघडणारा की काही विकत घेणारा, यावर मी अख्ख्या मीटिंगा गेलेल्या पाहिल्यात. पुतणीला सांगा, कुणी आकडा मागितला की आधी विचारायचं, कशासाठी हवाय. लोक चिडतात, चिडू देत.

कुरियर कंपनी, भिवंडी
आमचं दुखणं पत्ते. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आधीची आणि नंतरची पार्सलं एका आलेखावर टाकली की ठाण्यात धंदा बसल्यासारखा दिसतो. बाहेरून आलेल्या एका सल्लागारानं त्या घसरणीची कारणं सांगणारी स्लाइडसुद्धा केली होती. 'स्पर्धकांचा वाढता दबाव' वगैरे. पुढे उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. गिऱ्हाईक मात्र पत्त्यात नुसतं 'नगर' लिहून मोकळं होतं. जुन्या-नव्या नावांची जोडी लावणारा एक तक्ता आम्ही सांभाळतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्यावाचून पुढचं सगळं खोटं.

डेटा इंजिनिअर, न्यू जर्सी
इथले झिप कोड, म्हणजे आपले पिनकोड, पाच आकडी आणि शून्यानं सुरू होतात. कुणी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की शून्य गायब, कोड चार आकडी. दुसरा ताप घड्याळाचा. इथे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात, नंतर परत मागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन ते तीन हा तासच नसतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन दोनदा येतो. म्हणजे दीडला आपोआप चालायला लावलेला जॉब (प्रोग्राम) दोनदा चालू शकतो. म्हणून आम्ही सगळं यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत ठेवतो. मग पुण्याची टीम ओरडते, कारण त्यांचा दिवस रिपोर्टात पहाटे साडेपाचला उजाडतो आणि रात्री एकची ऑर्डर कालच्या खात्यात पडते.

लेबलिंग, नाशिक
आम्हालाही डेटा विभागच म्हणतात, पण नेमणूकपत्रावर नाव ठेकेदाराचं. संगणकाला वाहनं ओळखायला शिकवण्यासाठी रस्त्यांच्या फोटोंत वाहनांभोवती चौकटी काढून नाव लिहायचं, म्हणजे लेबल लावायचं. यादीत कार, ट्रक, बस, सायकल. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कशात घालायचा? मी ट्रक लिहिलं, शेजारणीनं 'इतर'. मतं जुळली नाहीत की तिसरा माणूस ठरवतो, आणि आमचे गुण कापले जातात. वरच्या दादांच्या मीटिंगा वाचून हसू आलं. 'ट्रक म्हणजे काय' यावर आमची एकही मीटिंग होत नाही.

ॲनालिस्ट, खराडी
@नाशिक, खरंय. आमच्याकडे मॉडेल (अशा लेबलांवरून शिकलेला प्रोग्राम) चुकलं की सगळे कोडमध्ये शोधतात. लेबल लावणाऱ्याला फोन कुणी करत नाही.

बँकेसाठी काम, ऐरोली
पूर्वी ग्राहकांचे फोन नंबर सरळ दिसायचे. आता आमच्याकडे मधले आकडे झाकलेले असतात, आणि उघडून बघायचे तर परवानगी आणि नोंद. काम हळू होतं, पण "जरा या नंबरचा पत्ता बघ ना" म्हणणारे दोस्त आपोआप गप्प झाले.

धागाकर्ती
पुतणीनं सगळं वाचलं. विचारतेय, आधी काय शिकू, पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) की एसक्यूएल (तक्त्यांतून माहिती काढायची भाषा)?

डेटा इंजिनिअर, न्यू जर्सी
एसक्यूएल. दोन तक्ते जॉइन केल्यावर, म्हणजे जोडल्यावर, ओळी अचानक का वाढल्या हे सांगता येईपर्यंत पायथनला हात लावू नकोस म्हणावं.

कुरियर कंपनी, भिवंडी
आणि जिल्ह्यांची यादी!