हेबिअस अर्ज फेटाळला, सीओएही नाकारलं. आता अपील कसं?

ओसरी: अमेरिकेतल्या राज्य तुरुंगातला कैदी, वकील नाही. कलम २२५४ खालचा हेबिअस अर्ज (घटनेविरुद्ध झालेल्या कैदेतून सुटका मागणारा) फेडरल जिल्हा न्यायालयाने १२ दिवसांपूर्वी फेटाळला. बचावाच्या वकिलाने महत्त्वाचा साक्षीदार बोलावला नाही, हा मुद्दा तपासून नाकारला. सरकारी पक्षाने पुरावा दडवला, हा मुद्दा राज्याच्या न्यायालयात वेळेत मांडला नव्हता म्हणून ऐकलाच नाही. त्याच आदेशात 'सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी' (सीओए, म्हणजे अपील चालवायची परवानगी) नाकारलंय. त्या नकारावर वेगळं अपील करायचं का? आणि आधी परवानगी, की आधी अपील?

तारीखपेतारीख: आधी नोटीस ऑफ अपील (अपील करतोय अशी लेखी सूचना), तीही जिल्हा न्यायालयातच. मुदत निकालाच्या नोंदीपासून ३० दिवस, म्हणजे तुमच्याकडे १८ उरले. (फेडरल कैद्याच्या कलम २२५५ खालच्या अर्जाला ६० दिवस मिळतात, त्यामुळे इंटरनेटवरचा आकडा उचलून लोक फसतात.) सीओएच्या नकारावर वेगळं अपील नसतं. तीच परवानगी सर्किट न्यायालयाकडे (वरचं फेडरल अपील न्यायालय) नव्याने मागायची.

परवानगीची वाट बघत नोटीस थांबवू नका. २००७ च्या बोल्स खटल्यात न्यायाधीशाने संपलेली मुदत पुन्हा उघडून देताना १४ ऐवजी चुकून १७ दिवस दिले. कैद्याने त्या १७ दिवसांत नोटीस दिली, तरी अपील गेलं, कारण ही मुदत कायद्याने बांधलेली आहे. चूक न्यायाधीशाची, भोगायची कैद्याने!

कैद्याने शेवटच्या दिवसापर्यंत तुरुंगाच्या टपालात लखोटा दिला की नोटीस वेळेत धरतात. कायदेशीर टपालाची वेगळी सोय असेल तर तीच वापरायची. सोबत तारीख आणि तिकीट लावल्याचं लिहिलेलं, खोटं ठरल्यास शिक्षेच्या जबाबदारीवरचं निवेदन जोडा. नातेवाइकांनी बाहेरून पाठवलं तर ही सवलत नाही, कागद न्यायालयात पोचल्याची तारीख धरतात.

काथ्याकूट: आता अर्जात काय लिहायचं. बहुतेक जण हेबिअस अर्जच पुन्हा उतरवून काढतात आणि तिथेच मार खातात. इथे जिंकायचं नसतं. खालचा निकाल वादाला जागा ठेवतो, एवढंच दाखवायचं. २००३ च्या मिलर-एल आणि २०१७ च्या बक खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं: आधी अपिलाचा निवाडा करून मग परवानगी नाकारू नका.

साक्षीदाराच्या मुद्द्यावर स्ट्रिकलंड निकालातल्या कसोटीच्या दोन्ही पायऱ्या हव्यात: वकिलाची कसूर, आणि ती नसती तर निकाल बदलण्याची वाजवी शक्यता. साक्षीदार काय सांगणार होता ते रेकॉर्डच्या पान क्रमांकासह द्या. राज्य न्यायालयाने चुकीचं ठरवलं एवढं म्हणून भागत नाही. तो निर्णय अवाजवी होता का, यावर वाद होऊ शकतो असं दाखवा.

दुसऱ्या मुद्द्याला २००० चा स्लॅक निकाल लागतो आणि त्यालाही दोन भाग आहेत. तांत्रिक कारणाने दार बंद करणं वादग्रस्त आहे हे दाखवाच, पण मूळ घटनात्मक तक्रारही वरवर टिकणारी आहे हे सांगा. हा दुसरा भाग हमखास राहतो. मुद्दा आधी का मांडता आला नाही, पुरावा केव्हा हाती आला, हे तारखांनिशी लिहा. नुसत्या राज्य कायद्याच्या चुका गाळा. सीओए मुद्द्यागणिक मिळतं, म्हणून ठळक दोनच ठेवा.

ओसरी: जिल्हा न्यायालयालाच फेरविचार करायला सांगितलं तर? आणि फी?

तारीखपेतारीख: नियम ५९(ई) खाली २८ दिवसांत मूळ निकाल बदलून मागितला तर अपिलाची मुदत थांबते. २०२० च्या बॅनिस्टर निकालानुसार त्याला दुसरा हेबिअस अर्जही मानत नाहीत. पण फक्त सीओएच्या नकाराचा फेरविचार मागितला तर घड्याळ चालूच राहतं. या दोहोंची गल्लत महागात पडते.

फी ६०५ डॉलर. खाली गरीब म्हणून माफी मिळाली असेल तर ती पुढेही चालते, पण 'अपील सद्भावनेने नाही' असं न्यायाधीशाने लिहिलं नसेल तरच. आदेशाचा शेवटचा परिच्छेद वाचा. तसं लिहिलं असेल तर त्याची नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सर्किटकडे माफी मागा.

काथ्याकूट: सर्किटनेही नाकारलं तर सर्वोच्च न्यायालयात ९० दिवसांत सर्शिओरारी (प्रकरण ऐकायला घ्या अशी विनंती). १९९८ च्या होन निकालापासून तो रस्ता मोकळा आहे.